घुमारा शून्यावर

श्रावण लागला की संजूभाऊचा फोन येतो, तसा यंदाही आला. "ताई, कानबाईच्या आरतीला कीबोर्ड घेऊन या. आणि घुमारा मागच्यासारखाच ठेवा बरं का, एकदम हॉल वाटला पाहिजे." संजूभाऊचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, आमच्याच गल्लीतला माणूस, मनाने वाईट नाही. पण हॉल वाटला पाहिजे म्हणजे काय? अहो, धुळ्यातली गल्ली ती आपली. दोन्ही हात पसरले तर एका हाताला कोणाचा तरी दरवाजा लागतो आणि दुसऱ्या हाताला कोणाची तरी मोटरसायकल. गल्ली गल्लीसारखी ऐकू आली तर कोणाचं काय बिघडतं? मी फोनवर बरंच काही बोलले. तो हसत म्हणाला, "ताई, तुम्हाला श्रावणातच का हो असं होतं?"

होतं खरं. बाकीच्यांना श्रावणात हिरवळ दिसते, मला राग येतो. तीन वर्षं झाली, तो जात नाही. आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, त्यामुळे तो नेऊन टाकायलाही जागा नाही.

मी कीबोर्ड शिकवते. वीस वर्षं होत आली. हल्ली शिकायला येणाऱ्यांना सरगम नको असते. पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, इफेक्ट कधी?" इफेक्ट म्हणजे मुख्यतः दोन, रिव्हर्ब आणि कोरस. रिव्हर्ब म्हणजे घुमारा. बटण दाबायचं, चकती फिरवायची, पडद्यावर खोली, हॉल, स्टेज अशी नावं येतात आणि त्यापुढे आकडा. आकडा वाढवला की सूर सोडल्यावरही मागे रेंगाळतो, आपण जणू मोठ्या सभागृहात वाजवतोय असं वाटतं. कोरस त्याहून लबाड. तो एकाच आवाजाच्या दोन-चार नकला करतो, एक किंचित उशिरा, एक किंचित चढी, एक किंचित उतरलेली, आणि सगळ्या एकात एक मिसळून टाकतो. माणूस एकटा असतो, ऐकणाऱ्याला वाटतं घोळका आहे. चुका झाकायला दोन्ही उत्तम. बोट घसरलं, सूर हलला, काही कळत नाही. म्हणून तर ते सगळ्यांना इतके आवडतात.

आणि यंत्राचा आगाऊपणा पाहा. तुम्ही सगळं शून्यावर आणून ठेवा, बंद करा, दुसऱ्या दिवशी चालू करा, घुमारा पुन्हा आपला चाळिशीवर हजर. कारखान्यातून निघतानाच कोणीतरी ठरवून दिलंय की कोरडा आवाज माणसाला सहन होणार नाही. कोण हा शहाणा? त्याला एकदा माझ्या माहेरी न्यायला हवं होतं.

माझं माहेर फैजपूरचं. केळीच्या बागेत हाक कधी मारून पाहिली आहे का? दहा-बारा पावलांत मरते. ती रुंद ओली पानं आवाज गिळून टाकतात. वडील बागेच्या दुसऱ्या टोकाला असले की आई बांधावरून हाका मारत नसे, सरळ आत जात असे. समोर उभी राहून म्हणायची, "जेवाले चाला." तिथे शब्दाला मागेपुढे काही चिकटत नाही, जेवढा बोललात तेवढाच. मला वाटायचं सगळ्या जगात आवाज असाच असतो.

मग जळगावला कॉलेजात गेले आणि आमच्या ऑर्केस्ट्राचा सराव एका जिनिंगच्या गोडाउनमध्ये व्हायला लागला. वर पत्रे, एप्रिलमध्ये पट्ट्यांवर बोट टेकवत नसे. तिथे मला घुमारा पहिल्यांदा भेटला, खराखुरा, बटणाशिवायचा. गोडाउन रिकामं असलं की एक सूर दाबून सोडला तरी तो पत्र्यांत फिरत राहायचा, आम्ही वेड्यासारखे हसायचो. हंगाम आला, कापसाच्या गठाणी छतापर्यंत लागल्या, की तोच सूर टप्पकन खाली पडायचा. आमच्या गायकाचा आवाज रिकाम्या गोडाउनमध्ये फार गोड वाटे. गठाणी आल्या आणि कळलं, बुवा खालच्या पट्टीत नुसते कुजबुजतात. त्या वर्षी त्याने कापसाला फार शिव्या दिल्या. आम्हीही त्याचीच बाजू घेतली होती, काय सांगू.

धुळ्याला लग्न होऊन आले आणि पहिल्याच श्रावणात बेबीअक्का ऐकली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी पांझरा नदीवर तिला निरोप देतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून काढतात. आमच्या गल्लीत त्याला जोड म्हणून आणखी एक रीत आहे, ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मुठी पुरुषांच्या, म्हणून गाणं बायकांचं. रविवारी उन्हं उतरली की बायका गल्लीच्या मंडळाच्या खोलीत कानबाईपुढे बसतात आणि म्होरकी बाई गाण्यात गल्लीतल्या एकेका सुनेचं नाव घालते. नाव आलं की बाकीच्यांनी झील द्यायची, म्हणजे ते नाव आपल्या तोंडाने उचलून पुन्हा म्हणायचं. झील आली की ती बाई गल्लीची झाली, त्या वर्षापुरती पक्की. आणि झील आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही, हा कडक नियम.

म्होरकी म्हणजे बेबीअक्का. तेव्हा पन्नाशीची असेल. आवाज गोड म्हणाल तर नाही. उन्हात वाळत घातलेल्या कुरडईसारखा खरखरीत. पण शब्द असा सुटा यायचा की नळावर भांडी घासणाऱ्या बाईलाही कळावं कोणाचं नाव चाललंय. माझं नाव तिने पहिल्यांदा घेतलं, "मनीषाबाई" म्हणून, आणि दहा-बारा बायकांनी झील दिली. एकीचा सूर दुसरीला मिळत नव्हता. एक आधी, एक नंतर, एक नाकातून, एक पोराला थोपटत. मला भर गर्दीत रडू आलं. पुढे कोरसचं बटण समजून घेताना मला कळलं की ते यंत्र याचीच नक्कल करतंय. पैसे देऊन विकत घेतलेला बेसूरपणा, आणि आमच्या दारात तो फुकट बसलेला होता.

आता रंजनाचं सांगते. गल्लीच्या तोंडाशी जी चक्की आहे ती तिच्या वडिलांची. रंजना दोंडाईचाला दिली होती. सहा वर्षांनी परत आली. का आली, ते तिने कोणाला सांगितलं नाही आणि गल्लीने स्वतःच्या मनाने दहा कारणं रचली. वडील गेल्यावर चक्की तीच चालवते. कानबाईच्या आधी ती चक्की धुऊनपुसून लखलखीत करते, दोन दिवस दुसरं दळण घेत नाही, आणि सगळ्या गल्लीचे रोटाचे गहू तिच्या हाताखालून जातात. एकही घर असं नाही की ज्याचा रोट तिच्या पिठाचा नाही. पण गाण्यात नाव? नाव नाही. का, तर नावं सुनांची घेतात, लेकींची त्यांच्या सासरी घेतली जातात. आता हिला सासर उरलं नाही, मग हिचं नाव घ्यायचं कुठे? पीठ चालतं, बाई चालत नाही! हे मला कोणीतरी समजावून सांगा.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात रंजना अक्काकडे गेली. मी तिथेच होते, अक्काला चाल वाजवून दाखवत होते. रंजना उभ्या-उभ्याच म्हणाली, "अक्का, यंदा माझं नाव घेशील का?" एवढंच. पुढे काही नाही, डोळ्यांत पाणी नाही. हातावर कोपरापर्यंत पीठ होतं. अक्काने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बठ्ठ्या बायास्ना नाव लेस मी, तुनं काब्र नही? तू काय परगावनी शे का?" होकार घेऊन रंजना चक्कीवर निघून गेली. तिचा पट्टा चालू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे अक्काने श्वास सोडला. सोपं नव्हतं ते. म्होरकीने रीत मोडली तर लोक आधी म्होरकीला मोडतात.

आणि त्या वर्षी अक्काचा आवाज थरथरायला लागला होता. आषाढभर खोकला झाला होता तिला. सरावाला दोन नव्या सुना तोंडावर पदर धरून हसल्या, ते मी पाहिलं. माझ्या जिवाला लागलं. मी नवा कीबोर्ड घेतला होता, मागे माईक जोडायची सोय असलेला. मनात म्हटलं, अक्काला हसतात काय, दाखवतेच यांना. रविवारी मी माईक जोडला, हॉल निवडला, आकडा नव्वदच्या वर नेला आणि त्यावर कोरस चढवला. मायेने केलं हो. अगदी मायेने. आणि थोडं नव्या कीबोर्डची मिजास मिरवायला, तेही लिहून टाकते.

काय सांगू, अक्काचा आवाज असा आला की गल्ली थक्क. थरथर गायब. एकटी अक्का म्हणजे दहा अक्का. संजूभाऊ स्पीकरपाशी उभा राहून मान डोलवत होता. "ताई, स्टुडिओ! स्टुडिओ!" ज्या सुना हसल्या होत्या त्या मोबाइल उंच धरून रेकॉर्डिंग करत बसल्या. पण नावं? पहिल्या दोन नावांतच मला कळायला हवं होतं. एका नावाची शेपटी दुसऱ्या नावावर पडत होती. शब्द असा सुटा राहतच नव्हता, सगळं मिळून एक गोड, गोल, बिनचेहऱ्याची गुणगुण. सुमन की कुसुम, कोणाला पत्ता नाही. बायकांना आपलं नाव ठराविक क्रमाने येणार हे ठाऊक होतं म्हणून त्या वेळेवर लाजल्या. रंजनाला क्रम नव्हता. ती दाराशी उभी होती, चक्की बंद करून आलेली, नवं पातळ नेसलेली. मी तिच्याकडे पाहत होते. गाणं संपलं, आरती झाली, टाळ्या झाल्या, आणि ती अजून वाट पाहत होती.

सोमवारी सकाळी कानबाईची मिरवणूक पांझरेकडे निघाली, तेव्हा ती माझ्या शेजारी आली. "मनीषाताई, अक्कानं माझं नाव घेतलं का?"

"घेतलं ना. बहुतेक शेवटून तिसरं."

"बहुतेक?" ती म्हणाली. मग चालत राहिली. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "मला वाटलं, ऐकू येईल."

नदीवरून परत आल्यावर मी अक्काकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं शाबासकी देईल. ती म्हणाली, "मनीषा, तुना पेटीमा मना आवाज कोठे गया वं?"

मी म्हटलं, "अक्का, किती छान वाटलं. सगळे म्हणत होते. तुमचा आवाज थरथरतोय, ते कळलंही नाही."

"माले माहीत शे मना आवाज थरथरस. थरथरू दे ना! रंजीनं नाव लिधं मी. हिंमत करीसन लिधं. कोणले ऐकू उनं? तू माले झाकी टाकं." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढच्या वर्षी तिने गायला नकार दिला, त्याच्या पुढच्या वर्षी खरंच आवाज उरला नाही. मंडळाला काय, त्यांनी मोबाइलमधलं तेच रेकॉर्डिंग स्पीकरला लावलं, दोन्ही वर्षं. बायका समोर गप्प बसून ऐकत. त्यांचं कामच संपलं होतं, झीलसुद्धा यंत्रच देत होतं. लोक म्हणाले, कटकट मिटली.

मी ते रेकॉर्डिंग शेकडो वेळा ऐकलंय. कानात इअरफोनची बोंडं घालून, आवाज वर करून, खाली करून. जळगावला स्टुडिओ असलेल्या एका ओळखीच्याकडे घेऊन गेले, म्हटलं यातला घुमारा काढून दे. त्याने दोन तास खटपट केली. म्हणाला, "मॅडम, आमटीत मीठ विरघळलं की वेगळं निघत नाही." शेवटून तिसऱ्या नावाच्या जागी "र" सारखं काहीतरी आणि मग नुसता धूर. त्या नावामागेही काहीतरी घुमत होतं, ती बायकांची झील असणार असं मी धरून चालले होते. तीन वर्षं मी एकच धरून होते, की बायांनी नाव उचललं होतं, मी बुडवलं. सगळा दोष माझ्या नव्वदीच्या आकड्याचा. स्वतःवरचा राग किती सोयीचा असतो, ते मला यंदा कळलं.

यंदा संजूभाऊला मी सांगितलं, रेकॉर्डिंग लावलंस तर मी स्पीकरची वायर कापीन. तो म्हणाला, मग गाणार कोण? मी म्हटलं, मी. माझा गळा त्याला माहीत आहे. मी वाजवणारी बाई, गाणारी नाही. अक्काकडे जाऊन चाल पुन्हा घोटली, नावांचा क्रम विचारला. तिने सुनांची नावं बोटांवर मोजत सांगितली आणि शेवटच्या दोन बोटांआधी थांबली. "आठे रंजी," त्या जागेवर बोट ठेवत ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

रविवारी मी कीबोर्ड नेला तो फक्त सुरासाठी. आधी चकती फिरवून घुमारा शून्यावर आणला, मग कोरस बंद केला. एक पट्टी दाबून पाहिली. कोरडा, नागडा सूर, केळीच्या बागेतल्यासारखा. अक्का भिंतीशी, रंजना दाराशी. मी गायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत माझा आवाज फाटला. कोणीतरी फिस्सकन हसलं. हसा. मी पहिलं नाव घेतलं, बायकांनी झील दिली. दोन वर्षं न गायलेल्या बायका, अडखळत, वेगवेगळ्या पट्टीत, पण दिली. दुसरं, तिसरं. सुमन सुमन होती आणि कुसुम कुसुम. वाटलं, बघा, एवढंच तर हवं होतं.

मग मी रंजनाचं नाव घेतलं. स्वच्छ, सुटं, नळापर्यंत जाईल असं.

झील आली नाही.

पंखा फिरत होता. कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा घेतलं. ऐकू गेलं होतं. एकीने रांगोळीकडे पाहायला सुरुवात केली, एकीने पोराचं नाक पुसलं, सुमनवहिनी, जिच्याकडे सकाळीच रंजनाने पिठाचा डबा घरपोच पाठवला होता, ती छताकडे पाहत होती. आणि तेव्हा, त्या शांततेत, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन वर्षांपूर्वीही झील आलीच नव्हती! नावामागे जे घुमत होतं तो अक्काचाच आवाज होता, माझ्या यंत्राने दहा करून परत पाठवलेला. अक्काला वाटलं बायकांनी उचललं, म्हणून ती पुढच्या नावाकडे गेली. मी नुसतं नाव बुडवलं नव्हतं. यांची मिटलेली तोंडंही मीच झाकली होती. काय संताप आला म्हणून सांगू! या बायका माझ्या, यांच्या डोहाळजेवणांत मी वाजवलंय, यांच्या पोरांना मी शिकवलंय.

पुढचं नाव घेता येत नव्हतं. नियम नियम आहे. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, की बाई पुढे जा ना आता, सरक ना. आणि खोटं कशाला बोलू, माझं बोट आपोआप त्या चकतीकडे गेलं होतं. जरासा घुमारा, जरासा कोरस, आणि सगळं गोड झालं असतं. अक्काने भिंतीपासून मान उचलून माझ्या बोटाकडे पाहिलं. मी हात मांडीवर घेतला.

तिसऱ्यांदा नाव घेतलं. आवाज पार गेला होता, निम्मा रडण्याचा होता.

दारातून झील आली. एकटी, जाडीभरडी, चक्कीच्या आवाजावर ओरडून-ओरडून कमावलेली. रंजना चौकट सोडून आत आली, बायकांच्या मधोमध जागा करून बसली, आणि स्वतःचं नाव स्वतःच उचलून पुरतं म्हणाली, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हं, ताई. घ्या पुढचं."